ज्याचे सोसणे, त्याचा शब्द

सत्कार्यात सर्वांना बोलावले म्हणजे इन्साफ झाला काय? बोलावणे आणि हक्क देणे यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेतील पर्यावरण चळवळीत हे अंतर ठळकपणे दिसून आले.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७८ मध्ये पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेले तेल रस्त्यांच्या कडेला चोरून ओतले गेले. तेथील माती पुरण्यासाठी शासनाने वॉरन कौंटी निवडली. तेथील रहिवासी बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि गरीब होते. १९८२ मध्ये मातीचे ट्रक येऊ लागताच लोक रस्त्यावर आडवे झाले. ५०० हून अधिक जणांना अटक झाली. तरीही माती तेथेच पुरली गेली. पुढे १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या आयोगाने देशभर अभ्यास केला. घातक कचऱ्याची केंद्रे कोठे आहेत, याचा उत्पन्नापेक्षाही वंशाशी अधिक संबंध आहे, असे त्यात आढळले.

१९८८ मध्ये याच राज्यातील चॅपल हिल येथील विद्यापीठात विद्यार्थ्यांची एक पर्यावरण संघटना जन्मली आणि लवकरच देशभर पसरली. हेतू निर्मळ होता, परंतु सभासद बहुतांशी गोरे होते. तेव्हा गौरेतर विद्यार्थ्यांनी संघटनेतच आपला गट बांधला. जंगले आणि वन्यजीव यांच्याइतकाच गरीब वस्तीतील हवा-पाण्याचा प्रश्नही पर्यावरणाचाच आहे, ही त्यांची भूमिका होती.

येथे एक आक्षेप संभवतो : वेगळा गट म्हणजे चळवळीत फूट नव्हे काय? उत्तर असे की, फूट आधीच पडलेली होती. विष एकाच्या दारात आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती, ही ती फूट. गटाने ती निर्माण केली नाही, केवळ उघड केली. जखम दाखवणाऱ्यालाच जखमेचा दोष देणे हा दुसरा जुलूम होय.

ऑक्टोबर १९९१ मध्ये वॉशिंग्टन येथे गौरेतर पर्यावरण कार्यकर्त्यांच्या परिषदेने १७ तत्त्वे स्वीकारली. निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर समान भागीदार म्हणून सहभागाचा हक्क, हे त्यांतील एक. त्यांनी मागितली ती मेहरबानी नव्हती, वाटा होता.

विद्यार्थ्यांसाठी यात एक अवघड कसोटी आहे. विद्यार्थी चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातो. वॉरन कौंटीच्या लोकांना मात्र ती जमीन शुद्ध होण्यासाठी सुमारे वीस वर्षे वाट पाहावी लागली. म्हणून विद्यार्थ्याचे ज्ञान, वेळ आणि उत्साह ही त्याच्याकडची अमानत आहे. नेतृत्वाचा परवाना नव्हे. गौरेतर विद्यार्थीही या कसोटीतून सुटत नाही, कारण त्वचेचा रंग एक असला तरी वसतिगृहातली खोली आणि कचऱ्याशेजारचे घर एक नसते.

तेव्हा आपल्या सभेत किती रंगांचे लोक बसले, एवढे मोजून भागणार नाही. सभेचा विषय कोणी ठरवला आणि सोसणाऱ्याने ‘नाही’ म्हटल्यावर निर्णय बदलला काय, हेही विचारले पाहिजे. इन्साफाची परीक्षा तेथे होते.