घरची शाळा

मुलाला शाळेत घालावे की घरीच शिकवावे, हा प्रश्न माझ्यासमोर आला तो एका छापील तक्त्याच्या रकान्यातून. गेल्या मार्गशीर्षात आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी शाळाबाह्य मुलांची नोंद करीत फिरत होते. मी साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवितो. कोप्यांतली माणसे मला ओळखतात, म्हणून गुरुजींनी मला बरोबर घेतले. माझे स्वतःचे शिक्षण दहावीचे, जुन्या भाषेत मॅट्रिकचे. त्यात कादंबऱ्या लिहिण्याचा नाद. तेव्हा शिक्षणशास्त्रातले काही अधिकाराने सांगावे अशी माझी पायरी नव्हे. पण त्या एका दिवसात पाहिलेल्या दोन मुलांनी वर्षभर माझा पिच्छा सोडलेला नाही.

पहिले घर नदीकाठच्या मळ्यातले. पुण्यातल्या चांगल्या नोकऱ्या सोडून एक तरुण जोडपे तेथे चार एकर जमीन घेऊन राहिले आहे. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेत जात नाही. आम्ही गेलो तेव्हा तो सुगरणीचे गळून पडलेले घरटे न्याहाळत बसला होता. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते आणि तिच्या पसंतीस उतरले तरच तो ते पुरे करतो, हे त्याने मला अशा काही ऐटीत समजावून दिले, की मीच त्याच्यापुढे विद्यार्थी झालो.

"गुरुजी, आम्ही त्याला शिकवीत नाही, तो शिकतो," वडील म्हणाले. आई म्हणाली, "आम्ही दोघांनी जन्मभर घोकंपट्टी केली. त्याच्या वाट्याला ती नको. चौदा वर्षांचा झाला की वाटल्यास मुक्त विद्यालयातून दहावीला बसेल." दोघांच्या बोलण्यात तोरा नव्हता. मला ती माणसे आवडली. गुरुजींनी रकान्यात लिहिले : शाळाबाह्य.

तेथून आम्ही तळावर आलो. एका कोपीपुढे दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन चूल फुंकीत होती. आईबाप पहाटेच फडात गेले होते. ही मुलगी भाकरी थापते, वाढ्यांच्या मोळ्या बांधते, बैलाला काय होते आहे ते त्याच्या डोळ्यांवरून सांगते. किती मोळ्या विकल्या म्हणजे मिठामिरचीचा खर्च निघतो, हा हिशेब तिला बोटांवर येतो. संध्याकाळी तिचा बाप भेटला. म्हणाला, "गुरुजी, हिला शाळंत धाडली तर बारक्याला कोन बगंल?" गुरुजींनी त्याच रकान्यात लिहिले : शाळाबाह्य.

घरी परतताना माझ्या मनात एक विचित्र विचार आला. मळ्यातल्या वडिलांचा सिद्धान्त खरा मानला, जीवन हीच शाळा आणि काम हाच धडा असे धरले, तर आमच्या पंचक्रोशीत त्या चुलीपुढल्या मुलीइतके सुशिक्षित मूल दुसरे नाही! मग जे वाक्य मळ्यात इतके गोड वाटले, तेच कोपीपुढे उच्चारायला जीभ का धजत नाही?

पुष्कळ विचार केल्यावर मला एवढेच उमगले, की फरक शिकण्यात नाही, मागच्या वाटेत आहे. तो मुलगा उद्या म्हणाला, 'मला शाळेत जायचे आहे,' तर परवा त्याला नवे दप्तर मिळेल. त्या मुलीने तेच म्हटले तर तिचे ऐकायला कोणाला सवड नाही. घरचे शिक्षण चांगले की वाईट, हे त्या घरातली झाडे आणि पुस्तके मोजून ठरत नाही. घराचे दार मुलाला आतून उघडता येते की नाही, यावर ते ठरते.

या दारासाठी आपल्याकडे मोठी माणसे झिजली आहेत. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. १९११ साली गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात तसे विधेयक आणले. पुढल्या वर्षी ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. काय होता तो दंड? 'मूल तुझे असले तरी त्याचे उद्याचे आयुष्य तुझ्या मालकीचे नाही,' असे एका राजाने बापाला बजावणे होते ते. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला, तोही मुलांना, पालकांना नव्हे.

पण सक्तीची बाजू घेऊन सुटावे, तर महात्मा गांधी आडवे येतात. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी आपल्या मुलांना शाळेत घातले नाही. गोऱ्यांच्या शाळेत त्यांच्या मुलांना मेहेरबानी म्हणून जागा मिळाली असती. पण जे इतर हिंदी मुलांना मिळत नाही ते माझ्या मुलांना नको, असा त्यांचा बाणा. सकाळी कचेरीत चालत जाताना मुले बरोबर असत; त्या वाटेवर जे बोलणे होई तेच शिक्षण. हेतू किती शुद्ध! तरीही थोरला हरिलाल मनातून दुखावला. १९११ साली तो वडिलांना सोडून हिंदुस्थानात आला, कशासाठी, तर मॅट्रिक होण्यासाठी. त्याला ते साधले नाही. मुलांना पुरेसा वेळ देता आला नाही आणि त्यांची त्याबद्दल तक्रार आहे, हे गांधींनी आत्मकथेत प्रामाणिकपणे लिहिले आहे; आपला मार्ग मात्र त्यांना चुकीचा वाटला नाही. मी स्वतः कसाबसा मॅट्रिक झालेला माणूस. ज्या परीक्षेचे मला कधी काही वाटले नाही, तिच्यासाठी एका महात्म्याचा मुलगा घर सोडतो, हे आठवले की मी गप्प होतो. तत्त्व बापाचे होते आणि त्याची किंमत मुलाने मोजली.

त्याच गांधींनी १९१० साली जोहान्सबर्गजवळ कॅलेनबाख यांच्या अकराशे एकरांवर टॉलस्टॉय फार्म वसविले. तेथेही शाळा घरचीच. सकाळी अंगमेहनत, दुपारी धडे. पण तेथे हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशी मुले होती. कोणी तमिळ बोलणारी, कोणी तेलुगू, कोणी गुजराती. घर घरच राहिले, पण त्यात शेजारी आला.

हे सारे मी त्या मळ्यातल्या आईला एकदा बोलून दाखविले. उपदेश म्हणून नव्हे, माझी अडचण म्हणून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, तुमची शाळा तरी दार उघडते का हो?" खरे सांगतो, मला उत्तर देता आले नाही. चाळीस मुलांपुढे उभे राहून, ज्याला येते त्यालाच प्रश्न विचारण्याची चोरी मीही केली आहे. सुगरणीचे घरटे माझ्या वर्गात आले असते तर मी 'ते बाहेर टाक' असेच म्हटले असते.

पुढे पौषात एका दुपारी तिने मुलाला आमच्या तळावरच्या वर्गात आणून सोडले. पहिले दोन दिवस त्याने सगळ्यांना पक्षी शिकविले. तिसऱ्या दिवशी गोट्यांवरून भांडण झाले आणि त्या कोपीतल्या मुलीने त्याला सर्वांदेखत खोटारडा म्हटले. तो रडत घरी गेला. आता हा येत नाही, असे मी धरून चाललो. चौथ्या दिवशी तो आला, तिच्या शेजारी बसला आणि मोळीची गाठ कशी मारायची ते विचारू लागला. ती त्याच्याकडून आपले नाव लिहायला शिकली. यात मी काही शिकविले असे म्हणवत नाही. मी फक्त घरटे बाहेर टाकले नाही.

चैत्रात टोळ्या उठल्या. कोपीच्या जागी काळी चूल तेवढी राहिली. मुलगा येऊन तेथे उभा राहिला आणि त्याने विचारले, "गुरुजी, ती आता कुठल्या शाळेत?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्या दारी आकाशकंदील लागलेला असेल आणि तिकडे दुष्काळी गावांतून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे गाड्या भरीत असतील. आपल्या मुलाला घरी शिकवा किंवा शाळेत धाडा. प्रेम असेल तर दोन्हींतून चांगलेच होईल. मात्र निर्णय घेताना त्याला एकदा विचारा. आणि जमल्यास, ज्याला कोणीच विचारीत नाही असे शेजारचे एखादे मूलही त्याच्याबरोबर बसवा. मी यंदा तळावर त्या मुलीची वाट पाहणार आहे. तिचे नाव तिला अजून लिहिता येते का, तेवढे मला पाहायचे आहे.