समोरचा गडी

'खिलाडूवृत्ती' या शब्दाची एक गंमत आहे. खेळाडूंना उद्देशून तो जितक्या वेळा वापरला जातो, त्याच्या शतांशानेही प्रेक्षकांना उद्देशून वापरला जात नाही. मैदानावरच्या गड्याने हरल्यावर हात मिळवावा, पंचांचा निर्णय मुकाट मानावा, पडलेल्याला उठवावे, अशी आपली अपेक्षा असते; आणि ही अपेक्षा बाळगणारा मनुष्य स्वतः मात्र दोरीबाहेर उभा राहून समोरच्या संघाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत असतो. खेळाडूला नियम आहेत, पंच आहेत, शिट्टी आहे. बघ्याला काय आहे? तेव्हा प्रश्न असा की, ज्या संघाचा पराभव व्हावा अशी आपली अगदी मनापासून इच्छा आहे, त्या संघाला मान देण्याचे बंधन प्रेक्षकावर आहे काय?

नाही, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. ते म्हणतात, बाजू घेण्यातच बघण्याची सगळी गोडी आहे. दोन्ही बाजूंना सारख्याच टाळ्या वाजवणारा मनुष्य म्हणजे वरपक्ष आणि वधूपक्ष अशा दोन्ही पंक्तींना जेवून येणारा पाहुणा! त्याला ना विहीण ना व्याही. शिवाय बिचारा माणूस वर्षभर साहेबाचे, सावकाराचे आणि घरच्यांचे ऐकून घेतो. त्याने तासभर मोकळ्या हवेत घसा साफ केला तर कोणाचे काय बिघडते? हे म्हणणे मला पुष्कळसे पटते. चाहत्याने तटस्थ व्हावे, असे मी कधीच म्हणणार नाही. तटस्थ माणसांनी मैदाने भरली असती तर मैदानांची स्मशाने व्हायला वेळ लागला नसता.

पण बाजू घेणे आणि समोरच्याला माणसातून उठवणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय, हे पाहायला हवे.

महाराष्ट्रात हा प्रश्न खरा पेटतो तो कोल्हापुरात. तिथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तालमींची आणि संघही त्यांचेच. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांची ईर्षा दर हंगामात नव्याने उभी राहू लागली. ही ईर्षा मोठी देखणी आहे. साऱ्या राज्याने क्रिकेटच्या पायांवर लोळण घेतली असताना या एका शहराने फुटबॉलचा संसार पिढ्यान् पिढ्या सांभाळला, तो या ईर्षेच्याच बळावर. पण तिथलीच दुसरी गोष्टही सर्वश्रुत आहे. गॅलरीतून बाटल्या आणि दगड येतात, सामना थांबतो, पोलिसांना काठ्या उगाराव्या लागतात, आणि नव्वद मिनिटांत संपायला हवी ती गोष्ट खुन्नस होऊन पेठेच्या बोळाबोळांतून हिंडत राहते. ईर्षा संघ उभा करते. खुन्नस मैदान बंद पाडते. दोघी एकाच घरात जन्मल्या म्हणून त्या एकच नव्हेत.

ही सीमारेषा ओलांडली की काय होते ते कलकत्त्याने पाहिले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत सोळा जण मेले. घरून निघताना आईला "सामना बघून येतो" एवढेच सांगून आलेली माणसे ती! आता त्याच शहराची दुसरी हकीगत. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीची निर्घृण हत्या झाली. १८ तारखेचा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना बंदोबस्ताच्या कारणावरून रद्द करण्यात आला. तरी चाहते स्टेडियमपाशी आलेच. आणि ते एकमेकांवर नव्हे, तर एकमेकांबरोबर ओरडले. न्यायासाठी. शंभर वर्षांचे वैर त्यांनी सोडले होते काय? मुळीच नाही. पुढचा सामना आला की ते पुन्हा समोरासमोर बसणारच. पण समोर बसलेला आपल्यासारखाच लेकीबाळींचा धनी आहे, एवढे त्यांना ठाऊक होते. मान म्हणतात तो याहून फारसा वेगळा नसावा.

आमच्या धाराशिवकडे फुटबॉलचे वेड नाही. आमची माती खो-खोची आणि कुस्तीची. याच मातीतल्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून गावोगावच्या मुली पाय अधिक जोराने टाकू लागल्या आहेत. आता या खो-खोचाच विचार करा. या खेळात पाठलाग करणारा संघ कायम पाठलाग करीत नाही. डाव पालटला की त्यालाच जीव घेऊन पळावे लागते. घटकेपूर्वी ज्याला पकडण्यासाठी आपण ओरडत होतो, त्याच्याच जागी आता आपली पोर उभी असते. पळणाऱ्याची धाप काय असते हे पाठलाग करणाऱ्याला कळावे, अशी सोय या खेळाच्या नियमांतच आहे. ती फक्त प्रेक्षकांसाठी नाही, हीच काय ती उणीव.

हुतूतूची तर याहून मौज. त्यात गडी 'मरतो', आणि धूळ झटकून बाहेर जाऊन बसतो. प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की पुन्हा 'जिवंत' होऊन आत येतो. आपल्या जुन्या खेळियांनी या प्रकाराला 'संजीवनी' असे नाव दिले होते. रावण पडल्यावर मरणाबरोबर वैर संपले, असे सांगून रामाने बिभीषणाकडून त्याचे अंत्यसंस्कार करविले, ही कथा आपण मुलांना सांगतो. मग हुतूतूच्या एका डावात जो गडी चार वेळा मरतो, त्याच्याशी असलेले वैर संध्याकाळपर्यंत चार वेळा संपायला नको काय?

जत्रेतल्या कुस्तीच्या फडात बसलेला अडाणी म्हातारा या बाबतीत मला मोठा जाणता वाटतो. हलगी कडाडते, जोड लावली जाते. एखाद्या दांडग्या मल्लासमोर कोवळे पोर उभे केले, तर हाच म्हातारा हात वर करून ओरडतो, "ही जोड न्हाई! सोडा ही कुस्ती!" दांडगा मल्ल त्याच्याच गावचा असला तरीही. का? कारण दुबळ्याला चितपट करण्यात आपल्या गड्याची शोभा नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. विजयाची किंमत समोरचा गडी ठरवतो. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, त्याचे मोल आजही आपण मानतो, ते जपानच्या आणि रशियाच्या मल्लांनी भरलेल्या त्या गटातून ते आणले म्हणून. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले, मुलांनीही नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. आपण पेढे वाटले. पण नेपाळच्या पोरापोरींनी अंतिम सामन्यापर्यंत धाव मारलीच नसती, तर आपण कोणाला हरवले असते? समोरच्या संघाची निंदा करणारा चाहता नकळत आपल्याच विजयाचा भाव पाडीत असतो. आणि हरल्यावर तर त्याची पंचाईत दुप्पट. ज्याला कुचकामी म्हटले त्यानेच आपल्याला धूळ चारली!

आता कठीण प्रश्न. समोरचा संघ नुसत्या शेजारच्या पेठेचा नसून वैरी राष्ट्राचा असला तर? ३१ जानेवारी १९९९ रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानने आपल्याला अवघ्या बारा धावांनी हरवले. सचिन तेंडुलकरने पाठदुखीने कळवळत काढलेल्या १३६ धावा वाया गेल्या. आणि तरीही ते प्रेक्षक उभे राहिले व त्यांनी पाकिस्तानच्या खेळाडूंना टाळ्या दिल्या. त्या खेळाडूंनी मैदानाला कृतज्ञतेची फेरी मारली. त्यानंतर चारच महिन्यांत कारगिल पेटले. मग त्या टाळ्या मूर्खपणाच्या ठरल्या काय? मला तसे वाटत नाही. त्या टाळ्या एका शासनाला नव्हत्या, सैन्याला नव्हत्या. चार दिवस अंगात जीव असेपर्यंत खेळलेल्या अकरा माणसांना होत्या. सीमेवर लढायचे तिथे आपले जवान लढले. गॅलरीतल्या शिव्यांनी त्यांच्या हातात एक काडतूसही अधिक पडले नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईला, पहलगामच्या हत्याकांडानंतर, आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवला नाही; ते योग्य की अयोग्य यावर घरोघरी वाद झाले. पण काही कारणाने हात मागे घेणे ही एक गोष्ट आणि कोणाच्या आईबहिणीचे नाव घेणे ही अगदीच दुसरी. पहिलीवर सज्जनांत मतभेद होऊ शकतो. दुसरीवर होऊ नये.

चेपॉकच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहा. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स. विश्वचषकाचा उपांत्य सामना, श्रीलंकेविरुद्ध. आपले आठ गडी १२० धावांत गेले आणि प्रेक्षकांनी बाटल्यांचा वर्षाव केला, आगी लावल्या. सामना थांबवून श्रीलंकेला विजयी ठरवले गेले. त्या वेळी नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. त्या क्षणी त्या गर्दीने कोणाला दुखवले? श्रीलंकेला नव्हे, ती तर जिंकली होती. समोरच्याचा विजय ज्याला सोसत नाही, त्याला शेवटी आपल्या माणसाचा पराभवही सोसत नाही.

मग चाहत्याने करावे तरी काय? हुर्यो करू नये, चेष्टा करू नये, असे मी सांगत नाही. चेष्टेवाचून जत्रा कसली? पण चेष्टा आणि अपमान ओळखण्याची एक साधी कसोटी आपल्या घरातच आहे. तालुक्याच्या गावी स्पर्धा भरतात तेव्हा बाहेरगावच्या मुलामुलींचा मुक्काम शाळेच्या वर्गांतून असतो, आणि त्यांच्यासाठी कुणाच्या ना कुणाच्या चुलीवर भाकरी भाजली जाते. जे वाक्य त्या पोरीला ताटावर वाढताना तुम्ही हसत म्हणू शकाल आणि तीही हसेल, ते मैदानावर खुशाल ओरडा. जे तिथे जिभेवर येणार नाही, ते इथेही येऊ देऊ नका. रंगावरून, जातीवरून, गावावरून काढलेले शब्द याच कसोटीला गळून पडतात. हुतूतूत मेलेला गडी पुन्हा उठतो. पण तेरा वर्षांच्या पोरीला चारचौघांत लागलेला शब्द शिट्टी वाजली म्हणून उठून जात नाही. तो तिच्याबरोबर तिच्या गावी जातो. कदाचित पुढच्या वर्षी ती खेळायला येतच नाही. माझ्या मते या प्रश्नातले खरे नुकसान ते आहे. चषक कोणाच्या कपाटात गेला हे नव्हे.

आणि हारजितीनंतरचा हा मोठेपणा आपल्याला कोणी परक्याने शिकवायला नको. या दिवाळीतच तो आहे. वामनाने बळीला पाताळात घातले, म्हणजे कथेत जिंकला तो वामन. पण पाडव्याला आपण पूजा मांडतो ती बळीची, आणि बायाबापड्या ओवाळताना राज्य मागतात तेही बळीचेच. हरलेल्याच्या नावाने वर्षाचा पहिला दिवा लावणारे आपण लोक. समोरच्या संघासाठी एक टाळी आपल्याला जड जाऊ नये.