लेकराचा चिरडलेला पाय

रिद्धपुराच्या आसपास संत्र्याच्या व कपाशीच्या शिवारांत ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी ही आता नवलाची राहिली नाहीत, आणि लेकरे त्यांच्याभोवती खेळतात. एखाद्या लेकराचा पाय चाकाखाली सापडला, म्हणजे आईबापांस काही घटकांतच असा निर्णय घ्यावा लागतो की ज्याचे फळ ते लेकरू जन्मभर भोगील. पाय राखण्याचा हट्ट धरावा, की कापू द्यावा?

प्रथम वेळेविषयी. रक्तपुरवठा तुटला तर मांस सुमारे 6 तासच तग धरते. कधी वरून जखम लहान दिसते, परंतु आत सूज येऊन दाब वाढतो व रक्त अडते. तेव्हा शल्यवैद्य कातडी व स्नायूंवरील आवरण लांबवर चिरून दाब मोकळा करतात. ती चीर पाहून आईबाप भितात, परंतु पुष्कळदा तीच पाय राखते. चोळण्यात व हळद भरण्यात गेलेला वेळ पायाचाच गेला असे समजावे. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे आणि तडक मोठे इस्पितळ गाठावे.

आता पुष्कळ साध्य झाले आहे. 1962 साली अमेरिकेतील बोस्टन शहरी एका 12 वर्षांच्या मुलाचा समूळ तुटलेला हात पुन्हा जोडला गेला. रशियातील डॉ. इलिझारोव ह्यांच्या कड्यांच्या साधनाने हाडाची तूट रोज 1 मिलिमीटर भरता येते, आणि ही विद्या आमच्या वऱ्हाडात अकोल्यास डॉ. मिलिंद चौधरी ह्यांनी रुजविली. परंतु हिशेब पाहा. 6 सेंटिमीटरची तूट म्हणजे दोन महिने, व हाड पक्के होईपर्यंत कडी त्याहून कितीतरी अधिक काळ. प्रौढ मनुष्य हा त्रास स्वतः पत्करतो. लेकराच्या वतीने तो आपण पत्करतो.

कोइंबतूरच्या गंगा इस्पितळाने नळीच्या हाडाच्या उघड्या जखमांसाठी गुणांची रीत बसविली आहे. 14 किंवा कमी गुण असल्यास पाय राखावा, 17 किंवा अधिक असल्यास बहुधा कापावा. मधली जागा त्यांनी विवेकावर सोडली, हे आम्हांस फार प्रामाणिक वाटते. लेकराच्या बाबतीत मात्र विवेकाचा कल राखण्याकडे असावा. त्याचे मांस लवकर भरून येते. शिवाय मध्येच कापलेले हाड वाढतच राहते व कधी कातडीस टोचून पुन्हा कापावे लागते. (सुवार्तेतील हात तोडून टाकण्याचे वचन येथे कोणी पुढे करू नये, ते मोहाविषयी आहे, जखमेविषयी नव्हे.)

तथापि पाय राखण्याच्या आग्रहामागे काय आहे, हेही तपासावे. "लंगड्या मुलीस कोण करून घेईल?" हे वाक्य आम्ही आमच्या मंडळ्यांतही ऐकले आहे. ज्या पायात संवेदना नाही, जो उभा राहू देत नाही, तो केवळ सोयऱ्यांच्या डोळ्यांसाठी राखणे ही माया नव्हे. अशा वेळी 1968 साली निघालेला जयपूर पाय घालून ती मुलगी शाळेत चालत जाईल, तर तेच तिच्या हिताचे. लेकरू वाढेल तसा तो बदलावा लागतो, एवढेच.

आणि समजत्या लेकराशी खोटे बोलू नये. "नुसती पट्टी बांधायची आहे" असे सांगून त्याला आत पाठवितात, आणि शुद्धीवर येताच ते पाय शोधते. त्याला आधी सांगावे, त्याचे रडणे ऐकावे, आणि मगच कागदावर अंगठा द्यावा.