शुकवाक्य आणि ग्रंथालय

ग्रंथालयात काम करणारी व्यक्ती एखादे नवे संगणकीय साधन किंवा ऑनलाइन सेवा वापरून पाहते, तेव्हा ती वेगवान आहे का, परवडणारी आहे का, मराठी जोडाक्षरे नीट दाखवते का, हे प्रश्न आधी विचारले जातात. परंतु त्यांच्यामागे भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला एक प्रश्न उभा असतो, तो असा की दुसऱ्याच्या शब्दावरून झालेले ज्ञान प्रमाण केव्हा मानावे. न्यायदर्शनाने शब्दाला प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीत प्रमाणाचे स्थान दिले, मात्र तो शब्द आप्ताचा असावा अशी अट घातली. आप्त म्हणजे ज्याला विषयाचे यथार्थ ज्ञान आहे आणि जे जाणले ते तसेच सांगण्याची ज्याला इच्छा आहे असा वक्ता. भाष्यकार वात्स्यायनाने तर हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू केले, हे आवर्जून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ठाणे परिसरातील ग्रंथालयांपुढे हा प्रश्न आज रोजच्या व्यवहारातून येतो. शहरात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभे आहे, कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना त्याही आधीची, १८६४ ची. पण बाळकुमसारख्या जुन्या गावाभोवती वाढलेल्या उंच इमारतींतला वाचक ग्रंथालयाची पायरी चढण्यापूर्वीच मोबाइलवर विचारणा करून मोकळा होतो. ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारख्या प्रणालींत पुस्तकाची नोंद सापडते, तेव्हा ती कोणीतरी पुस्तक हातात घेऊन केलेली असते, म्हणजे तेथे चुका कितीही असल्या तरी वक्ता असतो. प्रश्नाचे उत्तर स्वतःच रचून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवेचे तसे नाही. ती कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक आणि प्रकाशनवर्ष अशा ठाम स्वरात सांगते की वाचक ते पुस्तक मागायला येतो आणि कर्मचारी कपाटे धुंडाळत राहतो.

अशा उत्तराची भूल कशात आहे, हे मीमांसकांच्या, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या अनुयायांच्या, एका सिद्धांतावरून समजते. वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे त्यांना कर्ता नाही, आणि भ्रम, प्रमाद किंवा फसवणूक हे दोष कर्त्यातूनच शब्दात उतरत असल्यामुळे कर्ता नसलेला शब्द निर्दोष ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. यंत्राच्या उत्तरालाही सही नसते, राग-लोभ दिसत नाहीत, आणि वाचक नकळत मीमांसक होऊन बसतो. पण हे अपौरुषेयत्व वरवरचे आहे; असंख्य माणसांचे लेखन त्यात विरघळलेले असते, फक्त कोणाचे कोणते हे पुसले गेलेले असते. कर्ता नसणे आणि कर्ता झाकला जाणे यांत फार अंतर आहे.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, या प्रसंगाशी जुळणारे शुकवाक्याचे उदाहरण आधीच सुचले होते. पढवलेला पोपट वाक्य बोलतो, ऐकणाऱ्याला अर्थही कळतो, पण पोपटाला काही सांगायचे नसते. मग वाक्यार्थ समजण्यासाठी आवश्यक असलेले तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याचा अभिप्राय, कोणाचा मानायचा? सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननाच्या मुक्तावली या न्यायग्रंथात उत्तर असे आहे की पोपटाचे वाक्य खरे असेल तर तात्पर्य ईश्वराचे, आणि वस्तुस्थितीशी विसंगत असेल तर ते पढवणाऱ्याचे. पहिल्या अर्ध्या भागाबद्दल आधुनिक वाचक हसेल. दुसरा मात्र आजच्या कित्येक सेवाकरारांपेक्षा स्पष्ट आहे, कारण करारांत चुकीची जबाबदारी बहुधा वापरणाऱ्यावरच ढकललेली असते.

वक्ता जपून ठेवण्याची रीत मराठीला परकी नाही. ठाण्याच्या संग्रहालयाचे एक संस्थापक विनायक लक्ष्मण भावे यांनी पुढे महानुभाव पंथाच्या ज्या वाङ्मयात लक्ष घातले, त्यातील लीळाचरित्रात म्हाइंभटाने पंथप्रवर्तक चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा केल्या, आणि एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदवण्याची परंपरा त्या पंथात रुजली. भक्तीचा विषय असूनही मतभेद गुळगुळीत केले गेले नाहीत.

तरीही प्रत्येक शब्द तपासत बसणे शक्य नाही, हा मीमांसकांचा आक्षेप खरा आहे: एका ज्ञानाची खात्री दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने करावयाची तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी, ओढवते. नैयायिकांनी त्यावर व्यवहारी तोड काढली. परिचित विषयात, अभ्यासदशेत, शंकाच येत नाही, आणि अपरिचित विषयात मात्र ज्ञानानुसार कृती करून ती फळते का हे पाहावे, जसे दिसलेले पाणी पिऊन तहान भागते का ते पाहतात. ग्रंथालयीन कर्मचाऱ्याने नव्या सेवेला आधी स्वतःच्या कपाटातील पुस्तकांविषयीच प्रश्न विचारावेत, सेवा जुन्या मुद्रणाचे पान वाचते तेव्हा त्यातील ख चा रव आणि भ चा म होतो का ते मूळ पानाशी ताडून पाहावे, ही त्याच विचाराची रीत होय. अडचण पुढे येते. न्यायशास्त्रात पाण्याचा स्वभाव रात्रीतून बदलत नाही, ऑनलाइन सेवेचा बदलतो. काल परिचित झालेली सेवा नव्या आवृत्तीनिशी आज पुन्हा अपरिचित ठरते, आणि म्हणून चाचणीच्या नोंदीत निष्कर्षाइतकीच तारीख आणि आवृत्ती लिहिणे भाग पडते.