महिन्याचा आकडा आणि नवले पुलाचा उतार

पुण्याच्या रस्त्यांवर अलीकडे दरवर्षी तीनशेहून अधिक माणसे मरतात. महिन्याची सरासरी पंचवीसच्या वरच पडते. महिना संपला की ठाण्याठाण्यांतून नोंदी गोळा होतात, आणि अधूनमधून बातमी येते की गेल्या वर्षीच्या याच महिन्याच्या तुलनेत अपघाती मृत्यू इतक्या टक्क्यांनी घटले किंवा वाढले. घट असेल तर कारवाईला यश आले म्हणतात. वाढ असेल तर नवी मोहीम निघते, चौकाचौकांत पावत्या फाटतात आणि पंधरा दिवसांनी सगळे पूर्ववत होते. महिन्याचा आकडा आपण ज्या तऱ्हेने वाचतो, त्यातून शहराला काहीही कळत नाही, आणि ते न कळण्याची किंमत रस्त्यावर मोजली जाते, असे माझे ठाम मत आहे.

त्यातले गणित आधी पाहू. एखाद्या शहरात रस्ते, वाहने, चालक, पोलीस यांत काडीचाही फरक पडला नाही असे धरू. तरीही तिथे दर महिन्याला नेमकी पंचवीस माणसे मरणार नाहीत. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा विखुरलेल्या घटना मोजताना सरासरीच्या वर्गमुळाइतका चढउतार आपोआपच होतो. पंचवीसचे वर्गमूळ पाच. म्हणजे एका महिन्यात वीस आणि दुसऱ्यात तीस हे त्या शहराचे नेहमीचेच वागणे झाले, आणि दीड-दोन वर्षांतून एकदा आकडा पंधरावर उतरणे किंवा पस्तीसवर चढणे हेही. तीसवरून वीसवर येणे ही बातमीत 'एक तृतीयांश घट' ठरते, वीसवरून तीसवर जाणे 'पन्नास टक्के वाढ'. प्रत्यक्षात दोन्ही वेळा शहर होते तिथेच असू शकते.

यातून एक फसवणूक जन्म घेते आणि तीत सगळेच प्रामाणिकपणे सापडतात. एखादा महिना फार वाईट जातो. ओरड होते, मोहीम सुरू होते. फार वाईट महिन्यानंतरचा महिना बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा बरा असतो, कारण आकडा आपल्या सरासरीकडे परतत असतो. पण श्रेय मोहिमेला जाते. मोहीम संपते, आकडा पुन्हा वर जातो, आणि आता दोष नागरिकांच्या बेशिस्तीला दिला जातो. कशामुळे माणूस वाचला आणि कशामुळे मेला, हा प्रश्न या सगळ्यात कुणाला विचारावाच लागत नाही.

शिवाय जे शहर मोजतो तेही स्थिर नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय वेगळे झाले. २०२१ मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर ही ठाणी ग्रामीणमधून शहराकडे आली. त्यांच्याबरोबर नगर रस्त्याचा आणि सोलापूर रस्त्याचा, भरधाव अवजड वाहनांचा मोठा पट्टा शहराच्या हिशेबात आला. महापालिकेत २०१७ मध्ये अकरा गावे आली, २०२१ मध्ये तेवीस. ही हद्दींची उलथापालथ बाजूला न काढता 'दहा वर्षांत अपघात वाढले की घटले' असा आलेख काढला, तर तो रस्त्यांपेक्षा हद्दींच्या फेरबदलांचीच गोष्ट अधिक सांगेल.

ऋतूंबद्दलच्या समजुतीही अशाच. पाऊस, खड्डे, धुके यांमुळे माणसे मरतात, असे आपण धरून चालतो. मरतातही, आणि खड्ड्याने गेलेला जीव हा सर्वांत लाजिरवाणा मृत्यू आहे, कारण तो सहज टाळता आला असता. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे वार्षिक अहवाल काढून पाहावेत. देशातले सुमारे तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ हवेत होतात आणि दोन तृतीयांशांच्या आसपास सरळ रस्त्यावर. दिवसातली सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. म्हणजे कोरडा, सरळ रस्ता, घरी परतायची वेळ. टाळेबंदीच्या २०२० सालाचा दाखला मला याहून बोलका वाटतो. त्या वर्षी अपघात घटले, मृत्यूही घटले. पण दर शंभर अपघातांमागे मरणाऱ्यांचे प्रमाण २०१९ मधल्या ३३.७ वरून ३६ वर गेले. गर्दी ओसरली होती आणि मोकळ्या रस्त्यांवर गाड्या सुसाट सुटल्या होत्या, हेच मला त्याचे मोठे कारण वाटते. वाहतूक कोंडीला आपण शिव्या घालतो, पण जीव घेतो तो वेग. वेग दीडपट झाला तर धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि ती सोसायला पादचाऱ्याजवळ हाडामांसाशिवाय काही नसते.

म्हणून महिन्याऐवजी जागेकडे पाहिले पाहिजे. पुण्यात या मुद्द्यासाठी फार शोधावे लागत नाही.

मुंबई-बंगळुरू महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की पुण्याच्या दिशेने उतार लागतो. तो कित्येक किलोमीटर सलग चालतो आणि नऱ्हे, वडगावच्या दाट वस्तीतून नवले पुलापाशी येतो. संध्याकाळी या पुलाजवळ उभे राहावे. सातारच्या बाजूने येणाऱ्या ट्रकांच्या ब्रेकचा करवतीसारखा आवाज येतो, मागोमाग तापलेल्या लायनरचा जळका वास. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची सवय जुनी आहे. मग इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, पुन्हा पुन्हा पाय दाबल्याने हवेचा दाब उतरतो, आणि ऐन गर्दीत पोहोचल्यावर गाडी थांबत नाही. त्याच वेळी त्याच पट्ट्यात सेवा रस्त्यावरून रिक्षा आणि दुचाकी महामार्गात घुसत असतात. दिवसाचे काम संपवून घरी निघालेल्या बाया हातातल्या पिशव्या सावरत पलीकडे जायला फट शोधत असतात. राज्याराज्यांतून आलेला ट्रक आणि कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेले पोर यांना एकाच डांबरावर आणून सोडण्याचा निर्णय कुणीतरी, कधीतरी, कागदावर घेतलेला आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इथे एका अवजड ट्रकने पन्नासच्या आसपास वाहनांना धडक दिली. पाहणी दौरे झाले, रम्बलर बसले, अतिक्रमणे हटली, वेगमर्यादा खाली आली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच उतारावर कंटेनर पुन्हा अनावर झाला, वाहने पेटली आणि आठ माणसे गेली. या दोन तारखांच्या मधले छत्तीस महिने आकड्यांच्या तक्त्यात घालून पाहा. कुठल्याही एका महिन्यावरून हा उतार ओळखू येणार नाही. उतार मात्र सगळे छत्तीस महिने तिथेच होता.

अशा जागा शोधण्याची सरकारी व्याख्या आपल्याकडे आहे. महामार्गाच्या पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, की तो 'ब्लॅक स्पॉट'. या व्याख्येवर माझा आक्षेप साधा आहे. माणसे मरून झाल्यावरच जागा धोकादायक ठरते. त्याआधी तिथे शेकडो किरकोळ धडका होऊन गेलेल्या असतात आणि त्यांची नोंद आपण ठेवत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसे मेली आणि नोंदीप्रमाणे जखमी झाली ४ लाख ४३ हजार. एका मृत्यूमागे तीनहून कमी जखमी. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सुमारे सतराशे मृत्यू आणि मृत-जखमी मिळून १ लाख ३५ हजार, म्हणजे एका मृत्यूमागे जवळपास ऐंशी जखमी. थोडा फरक वाहनांच्या प्रकाराचा आणि आपल्याकडच्या अपघातांच्या तीव्रतेचा असेल. पण ज्याने कधी एखाद्या रुग्णालयाच्या अपघात विभागात रविवारची रात्र काढली आहे, तो आपला आकडा खरा मानणार नाही. हात मोडलेला डिलिव्हरीवाला पोरगा ठाण्यात जात नाही. रिक्षाने उडवलेल्या आजोबांना घरचे लोक जवळच्या दवाखान्यात नेतात आणि 'कशाला ते लचांड' म्हणून प्रकरण तिथेच मिटते. त्या आजोबांची न झालेली नोंद ही पुढच्या मृत्यूची आगाऊ खबर होती.

जी नोंद होते, तिचाही रोख एकाच दिशेला असतो. फिर्यादीत चालकाने वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवल्याचे लिहिलेले असते. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी येते, चाकांच्या खुणा येतात, काचांचा खच येतो. दिवा बंद होता का, दुभाजकाला बेकायदा फट कुणी पाडली, पादचारी पट्टा पुसून किती काळ झाला, हे क्वचितच येते. हवालदाराचा यात दोष नाही. गुन्हा कुणी केला हे शोधणे त्याचे काम, आणि रस्ता आरोपी होऊ शकत नाही. खरे तर कायद्याने एक दार उघडून ठेवले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम क्षुल्लक आहे, पण तत्त्व मोठे आहे. हे कलम पंचनाम्याच्या कागदापर्यंत पोहोचले, तर रस्ता बांधणाऱ्याच्या टेबलावरही महिन्याचा आकडा जाऊन पडेल.

चालकाला मोकळे सोडा, असे मी म्हणत नाही. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला झालेल्या जीवघेण्या अपघातानंतर मद्यधुंद अल्पवयीन मुलाच्या हाती आलिशान गाडी देणाऱ्यांबद्दल पुणेकरांना आलेला संताप योग्यच होता. हेल्मेटसक्तीला पुण्यात वर्षानुवर्षे जो विरोध झाला, त्याचे मला दुःख आहे. देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत चव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे असताना डोके उघडे ठेवण्याचा हक्क मागणे मला कधीच समजले नाही. पण कल्याणीनगरचा संताप एका कुटुंबावर केंद्रित झाला आणि मध्यरात्री शहरातल्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर वेगाला कुठलाच अडथळा का नाही, हा प्रश्न मागे पडला. चूक माणसाकडून होणारच. त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, इतकी काळजी रस्त्याने घ्यायची असते. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये हेच धोरण म्हणून स्वीकारले. हेलसिंकीत २०२४ च्या जुलैपासून पुढे सबंध वर्षभर रस्त्यावर एकही माणूस मेला नाही, आणि तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी तीस किलोमीटर आहे.

हेलसिंकी लहान आणि श्रीमंत आहे, हे मान्य. मग घरचे उदाहरण घेऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून तो मार्ग मीटर मीटर तपासायला घेतला. उघडे खांब आणि काँक्रीटची टोके झाकणे, कठडे लावणे, दुभाजकातल्या फटी बुजवणे, उभ्या ट्रकांवर कारवाई, रुग्णवाहिकेची वेळ कमी करणे, अशी कंटाळवाणी कामे. २०१७ मध्ये मृत्यू १०५ झाले. २०१८ मध्ये ११०. तेव्हा 'प्रयोग फसला' म्हणून हात झटकले असते तर? काम चालू राहिले आणि २०१९ मध्ये आकडा ९२ वर आला. तोही भयंकरच, पण २०१६ च्या तुलनेत जवळपास साठ घरांतली माणसे घरी पोहोचली.

शहराच्या आत हेच काम अधिक किचकट आहे, कारण मालक अनेक आहेत. बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, त्याला मिळणारा रस्ता महापालिकेचा, सिग्नलचा कालावधी वाहतूक पोलिसांच्या हाती. चोवीस मीटर रुंद रस्ता ओलांडायला धडधाकट माणसाला सेकंदाला १.२ मीटरच्या चालीने वीस सेकंद लागतात, गुडघे दुखणाऱ्या आजींना तीस. हिरवा माणूस पंधरा सेकंदच दिसत असेल, तर आजी मधेच अडकणार, हे आधीपासून ठरलेले आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले आणि तिथे म्हातारी माणसे बिनधास्त चालताना दिसतात. कात्रज-कोंढवा रस्त्यावर जाऊन मात्र ते धोरण शोधावे लागते.

महिन्याचा तक्ता प्रसिद्ध व्हावाच, पण वेगळा. एकूण आकडा तीन वर्षांच्या सरासरीसह, हद्दीतले बदल नोंदवून. त्याखाली प्रत्येक मृत्यूची जागा, वेळ, मेलेला माणूस पायी होता की दुचाकीवर, आणि त्या पाचशे मीटरचा मालक कोण. ससूनसह मोठ्या रुग्णालयांत आलेल्या जखमींची संख्या, नावांशिवाय, जागेसह. केंद्राच्या अपघात नोंद प्रणालीत जागेचे अक्षांश-रेखांश भरण्याची सोय आहेच, त्यामुळे यातले बरेचसे नव्याने गोळाही करावे लागणार नाही. आणि शेवटचा रकाना: गेल्या महिन्यात त्या जागी काय बदलले, कुणाच्या सहीने. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असतेच. तिच्या बैठकीत हा रकाना मोठ्याने वाचला जावा. सलग तीन महिने तो रिकामा राहिला, तर संबंधित अभियंत्याने उत्तर द्यावे आणि ते उत्तर त्याच तक्त्यात छापले जावे. सुरुवात नवले पुलापासून करता येईल. तिथला रकाना भरायला कुठल्याही नव्या अभ्यासाची गरज उरलेली नाही.