गांधींचा दुसरा आक्षेप

एप्रिल 2012मध्ये नियोजन आयोगाचे तेव्हाचे उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालिया यांनी आसामात जोरहाटला जाहीर केले की, वर्षभरात चहा आपले राष्ट्रीय पेय होईल. तसे झाले नाही, पण मागणी अजून जिवंत आहे. तिचे कैवारी दरवेळी दोन दाखले देतात. चहाने जातपात विसरायला लावून सगळ्यांना एका बाकावर बसवले, हा पहिला. चहामुळे लाखो गरिबांच्या चुली पेटतात, हा दुसरा.

पहिल्या दाखल्याला फार शब्द खर्चायला नकोत. हॉटेलाबाहेर दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबशा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी पाहिल्या आहेत, आणि त्या विसळण्याचे कामही पिणाऱ्यावरच टाकलेले असे. तामिळनाडूत वेगळ्या पेल्यांविरुद्ध चळवळी कराव्या लागल्या. बाक आपोआप कुणाचा होत नसतो. त्यावर बसण्याचा हक्क माणसांनी भांडून मिळवला. त्याचे श्रेय चहाला देणे म्हणजे भांडणाऱ्यांचे श्रेय हिरावणे.

दुसरा दाखला अधिक गंभीर आहे, आणि त्याला उत्तर द्यायचे तर गांधींकडे जावे लागते. चहाविरोधक गांधी आपल्याला माहीत आहेत ते 1942 सालचे. पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले आणि त्यात चहाचा समाचार घेतला. चहाचा खरा उपयोग चीनमध्ये झाला, कारण त्यासाठी पाणी उकळले जाई. एरवी शरीराला त्याची गरज नाही, आणि कातडे कमावायला वापरतात ते टॅनिन त्यातून पोटात जाते, असा त्यांचा युक्तिवाद. बंगालमध्ये रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय हेही चहाविरुद्ध झुंजत होते. ही बाजू काळाने निकालात काढली. दोन वेळचा चहा पिऊन नव्वदी गाठलेली माणसे घरोघर आहेत. गांधींचा हा आक्षेप आठवून हसणे सोपे असते, म्हणून तोच आठवला जातो.

त्यांचा दुसरा आक्षेप त्याआधीचा, 1913चा आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी आरोग्यावर गुजरातीत लेखमाला लिहिली. तिथे चहा, कॉफी आणि कोको यांच्याविरुद्ध त्यांनी एक नैतिक कारण दिले: ही पिके मुख्यतः गिरमिटिया मजुरांच्या श्रमावर उभी आहेत, आणि कोकोच्या मळ्यांतले हाल डोळ्यांनी पाहिले तर तो पिण्याची इच्छाच उरणार नाही. मला हा आक्षेप टॅनिनपेक्षा शंभर पटींनी मोलाचा वाटतो. वस्तू शरीराला सोसते का, एवढ्यावर न थांबता ती कुणाच्या शरीरावर पोसली गेली, हे इथे विचारले आहे.

आसामबाबत हा प्रश्न नेमका होता. छोटानागपूर, ओडिशा, मध्य प्रांत इथून माणसे करार करवून मळ्यांवर नेली जात. 1865च्या कायद्याने पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांना दिला. काम सोडणे हा तिथे गुन्हा होता. मे 1921मध्ये चारगोला खोऱ्यातल्या हजारो मजुरांनी गांधींचा जयजयकार करत मळे सोडले आणि ते पायी गावाकडे निघाले. चांदपूर स्टेशनावर रात्री गुरखा शिपायांनी त्यांना बेदम मारले. गांधींनी मात्र आपण कुणाला मळा सोडायला सांगितलेले नाही, असा खुलासा केला. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी त्यांनी वाचकाला पेला खाली ठेवायला सांगितले, तीच माणसे त्यांचे नाव घेत चालू लागली तेव्हा ते मागे सरले. मला हे खुपते.

तरीही त्यांचा आक्षेप खरा, म्हणून चहा सोडणे हेच प्रामाणिक उत्तर, असे मी बराच काळ मानत आलो. आज मानत नाही. गांधींच्या काळात आसामचा चहा प्रामुख्याने परदेशी जाई. आज भारतात वर्षाला सुमारे 130 कोटी किलो चहा होतो आणि त्यातला चार-पंचमांश आपणच पितो. उद्या आपण पेला खाली ठेवला तर पहिला घाव मळ्यांवरच्या दहा लाखांहून अधिक मजुरांवर पडेल. चहा सोडल्याने माझा हात स्वच्छ राहील, त्यांचा रिकामा होईल.

मग हिशेबच करू. आसामच्या अनेक मळ्यांत दिवसाला 24 किलो पाला खुडायचा असतो. साडेचार-पाच किलो पाल्यातून एक किलो चहा होतो, म्हणजे एका बाईच्या दिवसभराच्या खुडणीतून सुमारे पाच किलो. कपाला अडीच ग्रॅम पूड धरली तर दोन हजार कप. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ऑक्टोबर 2023मध्ये रोजची मजुरी 250 रुपये झाली. त्या दराने खुडणारीच्या वाट्याला कपामागे साडेबारा पैसे येतात. छाटणी, कारखाना, रेशन, घर सगळे धरून हा आकडा तिप्पट केला तरी चाळीस पैशांच्या आतच. पुण्याच्या अमृततुल्यात तो कप दहा रुपयांना मिळतो.

मळेवाले म्हणतात, लिलावात भाव मिळत नाही. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण मग लिलाव आणि कप यांच्यामध्ये पैसा कुठे थांबतो, हे शोधणे त्यांचेही काम आहे. सप्टेंबर 2015मध्ये मुन्नारच्या मळ्यांतल्या बायकांनी त्या शोधाची वाट न पाहता आपला वाटा मागितला. बोनस आणि मजुरीसाठी त्या रस्त्यावर बसल्या, प्रस्थापित युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांना त्यांनी दूर ठेवले, आणि वीस टक्के बोनसची मागणी पदरात पाडून घेतली. 'पेंबिळै ओरुमै' म्हणजे बायकांची एकजूट, हे नाव त्यांनी स्वतःच घेतले.

लाखोंच्या चुली चहावर पेटतात, हे खरे. पण ते सांगून श्रेय घेणाऱ्यांनी त्या चुलीवर काय शिजते तेही सांगावे. राष्ट्रीय पेय हा मान चहाला जरूर द्यावा. मात्र आधी कपामागे आणखी पंचवीस पैसे खुडणारीच्या हाती थेट पडतील अशी तजवीज कायद्याने करावी. तिची मजुरी तिप्पट होईल आणि एकाही गिऱ्हाइकाचा चहा सुटणार नाही.