गुंतवळीचा हिशेब

चाळिशी ओलांडलेल्या बाईने केस गळतात अशी तक्रार केली की तिला दोनच उत्तरं मिळतात. एक, "आता वय झालं, चालायचंच." दुसरं म्हणजे एखाद्या तेलाचं नाव. पहिलं उत्तर देणाऱ्याला विषय संपवायचा असतो. दुसरं देणारी शेजारीण असो की कंपनी, तिला तो चालू ठेवायचा असतो. तक्रार नेमकी काय आहे, हे विचारायला मात्र कुणालाच सवड नसते. गुडघा दुखतो म्हटलं तर निदान एक्स-रे काढायला सांगतात. केसांचं दुखणं नटण्यामुरडण्याच्या खात्यात जमा होतं, आणि मग ती बाईच ओशाळून म्हणते, "म्हणजे तसं काही विशेष नाही, पण…"

त्या 'पण'च्या पुढे बरंच काही असतं. आपल्याकडे पाळी कायमची जाण्याचं सरासरी वय ४६-४७ धरतात, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा चारेक वर्षं आधीच. त्याआधीची काही वर्षं पेरिमेनोपॉजची. पाळी कधी वीस दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. रात्री दरदरून घाम, दिवसा अंगातून वाफा. या सगळ्याबद्दल आता थोडंफार बोललं जातं. केसांबद्दल बोलायचं तर नुसतं 'गळतात' एवढ्यावर भागत नाही, कारण त्या काळात फक्त गळणं घडत नाही. डोक्याची त्वचा कोरडी पडते. सरळ केस अचानक भुरभुरे, राठ होतात. भुवया विरळ होतात आणि नेमक्या त्याच सुमारास हनुवटीवर एखादा जाड, काळा केस उगवतो. जिथे हवा तिथून जायचं आणि नको तिथे यायचं, हा शरीराचा विनोद तसा क्रूरच आहे.

त्यामागचं गणित असं. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक स्वतंत्र. दोन ते सहा वर्षं वाढायचं, दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबवायची, मग तीनेक महिने नुसतं जागेवर बसून राहायचं आणि गळून जायचं. पुढे त्याच जागी नवा केस येतो. रोज ५० ते १०० केस जाणं हे नेहमीचंच. इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढीचा काळ लांबवतं. म्हणून गरोदरपणात वेणी जाड होते आणि बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी मोरीची जाळी तुंबते. पेरिमेनोपॉजमध्ये इस्ट्रोजेन आधी वरखाली होतं आणि मग ओसरतं. बाईच्या शरीरात थोड्या प्रमाणात असलेली पुरुषी संप्रेरकं मात्र सावकाश उतरतात, त्यामुळे त्यांचा जोर तुलनेने वाढतो. ज्यांच्या घराण्यातच केस विरळ होणं असतं त्यांच्या टाळूवर मग प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. केस मोजायला गेलं तर तितकेच भरतात, पण त्यांची सुतं झालेली असतात. पुरुषाचं टक्कल कपाळापासून मागे सरकतं. बाईच्या कपाळावरची रेषा बहुधा शाबूत राहते आणि मधला भांग रुंद होत जातो. एरिख लुडविग या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १९७७ साली या रुंदावण्याच्या तीन पायऱ्या आखून दिल्या. आजही डॉक्टर त्याच वापरतात.

पण या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्या तीन महिन्यांची बैठक. केस म्हणजे मागच्या तिमाहीचं वीजबिल. आज हातात आलेलं असतं, पण दिवे तेव्हा जळलेले असतात. डेंग्यू, मोठं ऑपरेशन, घरातला मृत्यू, वजन उतरवायचं म्हणून निम्म्यावर आणलेलं जेवण, यांपैकी काहीही झालं की बरेच केस एकदम वाढ थांबवून बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम सुटतात. तोवर ताप उतरलेला असतो, टाके सुकलेले असतात, आपण तो प्रसंग विसरलेलो असतो. कंगवा भरून केस आले की बाई आजूबाजूला बघते आणि जे दिसतं त्याला दोष देते: नवा शाम्पू, बोअरचं पाणी, पार्लरवाली. बोअरचं खारं पाणी केस राठ करील, ते मधून तुटतील. पण केस मुळापासून सोडवणं हे काही त्याचं काम नव्हे.

तुटलेला आणि गळलेला केस ओळखणं सोपं आहे. विंचरून झाल्यावर गुंतवळ टाकून देण्याआधी त्यातला एक केस उजेडात धरावा. गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरा, मोहरीहूनही लहान ठिपका दिसतो. तो दिसला की बायकांच्या पोटात गोळा येतो: मूळच निघून आलं! तसं नसतं. तो ठिपका म्हणजे मुदत संपलेल्या केसाचं टोक. मूळ आहे तिथेच, कातडीच्या आत आहे. ठिपका नसेल तर केस मधून तुटलाय. मग तपासायचं ते ओल्या केसांत कंगवा घालणं, स्ट्रेटनिंग, डाय आणि ताणून बांधलेला अंबाडा. दुसरी एक गंमत अशी की केस गळतात या भीतीने बायका आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच न्हातात. त्याने गळणं थांबत नाही, साठतं. आठ दिवसांचे केस एकाच दिवशी हातात येतात आणि भीती दुप्पट होते. कोरड्या टाळूला सौम्य शाम्पू, केसांच्या टोकांना कंडिशनर आणि केस वाळल्यावर मोठ्या दातांचा कंगवा, एवढं पुरे. न्हाणं टाळायचं कारण नाही.

याच तीन महिन्यांच्या फटीत उपायांचा सारा बाजार भरतो. ताप, दुखणं, ताण यांनी आलेली गळती बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत आपसूक थांबते. बाई घाबरून उपाय शोधते ती गळती ऐन भरात असताना. माका, जास्वंद, ब्राह्मी, आवळकाठी घालून लोखंडी कढईत उकळलेलं तेल तीन महिने लावलं आणि केस थांबले. ते आपोआप थांबणारच होते, हे कोण सांगणार? श्रेय तेलाला जातं आणि ती बाई पुढच्या दहाजणींना कृती लिहून देते. तिने खोटं काहीच सांगितलेलं नसतं, म्हणून तर या उपायांना मरण नाही.

तेलाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. खोबरेल तेल केसांच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रयोगाने दाखवलं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमलं नाही. हे दोघे खोबरेल विकणाऱ्या मॅरिकोच्या संशोधन विभागातले, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष पटण्यासारखा आहे. फक्त तो वर आलेल्या केसाबद्दल आहे. तेल असलेला केस सांभाळतं. नवा उगवून देत नाही.

गोळ्यांचं प्रकरण याहून नाजूक. 'हेअर, स्किन, नेल्स' लिहिलेल्या डब्यांत बायोटिन भरपूर असतं. त्याची खरी कमतरता क्वचितच आढळते, पण मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या रक्तचाचणीचे आकडे चुकवू शकतं. म्हणजे ज्या आजारामुळे केस जात असतील तोच आजार झाकायची सोय. अशा डब्यांतल्या आणखी एका घटकाची गोष्ट. २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातली गावं काही दिवसांत लोकांना टक्कल पडून हवालदिल झाली. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर. पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरचं पथक आलं आणि डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. केसांसाठीच्या कित्येक गोळ्यांत हेच सेलेनियम असतं. ते आणि अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेलं की केस गळतात, हे वैद्यकशास्त्राला जुनंच ठाऊक आहे. गळती थांबवायला दोन-तीन डबे एकदम सुरू करणाऱ्या बाईने निदान त्यांची लेबलं एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत.

विचारायला हवं ते वेगळंच. पेरिमेनोपॉजमध्ये कित्येकींची पाळी जाण्याआधी अंगावरून प्रचंड जायला लागतं. आठ-दहा दिवस, गाठी पडतात. बाई दोन पॅड लावून ऑफिसला जाते आणि "आता जायचीच आहे" म्हणून कुणाला सांगत नाही. त्यात शरीरातला लोहाचा साठा आटतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, तेव्हा मुळात शिल्लक होती तरी किती? रक्तस्रावाबद्दल न बोललेली बाई केसांबद्दल मात्र बोलते. त्या वेळी तिला तेल सुचवणं म्हणजे हाती आलेला धागा सोडून देणं. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, थायरॉइड, गरजेप्रमाणे बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, एवढ्या चाचण्यांनी बरंच कळतं. त्याहून स्वस्त चाचणी म्हणजे एक प्रश्न: "तीन महिन्यांपूर्वी घरात काय चाललं होतं?" सासऱ्यांचं आजारपण, मुलीची बारावी, स्वतःचा न सांगितलेला ताप. स्त्रीरोगतज्ज्ञ पाळीचं विचारतात, त्वचारोगतज्ज्ञ केसांचं, फिजिशियन थायरॉइडचं. तिघांच्या फायली एका पिशवीत घालून फिरणारी बाई सोडली तर त्या एकत्र कुणीच वाचत नाही.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं," हेही तिला ऐकवलं जातं. ज्या समाजाने बाईची पत तिच्या केसांवरून ठरवली, त्याने हे म्हणावं याची मला मौज वाटते. नवरा गेला की तिच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा, याला फार पिढ्या लोटलेल्या नाहीत. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केस कापणार नाही असं ठरवलं. आंदोलन न्हाव्यांना करावं लागलं, यात बरंच काही आलं. लग्नातला अंबाडा भरगच्च दिसावा म्हणून गंगावन जोडायचं, गुंतवळ जपून ठेवायची आणि दारावर "केसावर फुगे" अशी हाळी आली की ती मुलांच्या हाती द्यायची. ज्यांच्या गळून पडलेल्या केसांनाही भाव होता, त्यांना आता केस ही क्षुल्लक गोष्ट आहे असं सांगून कसं पटेल? टकल्या पुरुषाच्या हाती पैसा असतो अशी समजूत तरी आपण काढून ठेवलीय. विरळ भांगाच्या बाईसाठी अशी एकही गोड थाप कुणी शोधलेली नाही.

औषध आहे, आणि त्याचा स्वभावही केसांसारखाच सावकाश आहे. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर भलतीकडे केस उगवायला लागले, म्हणून ते टाळूवर लावून पाहिलं गेलं. अमेरिकेत १९८८ साली पुरुषांसाठी आणि १९९१ साली बायकांसाठी त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याने गळती वाढू शकते आणि कित्येकजणी तिथेच बाटली फेकून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि सोडलं की मिळवलेलं जातं. नुसत्या केसांसाठी हार्मोनचे उपचार देत नाहीत. ते इतर त्रासांसाठी सुरू असतील तर केसांना फायदा झाला तर झाला. आरशासमोर रोज उभं राहून काही कळत नाही. दर तीन महिन्यांनी, त्याच खिडकीपाशी, भांगाचा एक फोटो काढून ठेवावा. कपाळावरची केसांची रेषाच मागे सरकत असेल आणि सोबत भुवया जात असतील, तर मात्र फोटो काढत बसू नये. १९९४मध्ये सिडनीच्या स्टीव्हन कोसार्ड यांनी पाळी गेलेल्या बायकांत नोंदवलेला हा वेगळा आजार आहे. त्यात मूळच जळून जातं आणि गेलेला केस परत येत नाही.

माझ्या भिशीतल्या एकीने वर्षभर औषध लावलं, भांग थोडा भरला, आणि रात्री उशीला लागणाऱ्या त्या चिकट थेंबांना कंटाळून तिने ते सोडून दिलं. केस मानेपर्यंत कापून घेतले. त्यावर घरच्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलं, तेही तिने ऐकून घेतलं. दुसरी अजून रोज नेमाने लावते आणि वरच्या भागाला क्लिपचा टॉपरही बसवते. तो खोटा आहे हे तीच आधी सांगून टाकते. भिशीच्या दिवशी दोघी एकमेकींना आपलंच कसं बरोबर ते पटवत बसतात. डोकं दोघींचंही ठिकाणावर आहे.